सीमा ‘आखली’ म्हणजे नेमके काय झाले?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातल्या, महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात त्या 14 गावांची बातमी आली की ‘सीमा आखा’ हे शब्द हमखास छापून येतात. या गावांत रेशन दोन्ही राज्यांचे, मतदार याद्या दोन्हींच्या, शाळाही दोन्हींच्या. पण आखायचे नेमके काय, हे बातमीत नसते.

सीमा तीन टप्प्यांत ठरते. कोणता मुलूख कोणाचा, हा आधी राजकीय निर्णय. मग सीमानिश्चिती, म्हणजे करारात किंवा कायद्यात शब्दांनी वर्णन आणि नकाशावर रेघ. शेवटी सीमांकन: मोजणी करून जमिनीवर खांब रोवणे. बहुतेक भांडणे दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यामधल्या फटीत जन्मतात. एकास दहा लाख प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर 500 मीटर रुंद होते. तेवढ्यात एखादा पाडा सहज मावतो! भारत आणि तिबेट यांच्यामधली मॅकमहोन रेषा 1914 मध्ये नकाशावर ओढली गेली. जमिनीवर तिचे सीमांकन झालेच नाही. नदी सीमा असेल तर आणखी घोळ. ‘नदीपर्यंत’ एवढेच लिहिले तर काठ, दोन काठांमधला मध्य की सर्वात खोल धारेची रेषा? तिन्ही वेगवेगळ्या. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पात्र हळूहळू सरकले तर सीमा सोबत सरकते. पुराने एकदम वाट बदलली तर सीमा जुन्याच पात्रात राहते.

आपल्या राज्यांच्या सीमा मात्र बहुतांशी रेघेने नव्हे, नावांनी ठरल्या आहेत. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याने तेव्हाच्या हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका मुंबई राज्याला दिला. जिवती हा त्याच जुन्या राजुऱ्याचा भाग. म्हणजे तिथली राज्याची सीमा ही तालुक्याची हद्द, आणि तालुक्याची हद्द म्हणजे कडेच्या गावांच्या शिवा. शेतकऱ्याला धुऱ्याचा वाद कसा सुटतो हे माहीत असते: जुना नकाशा, मोजणी, दगड. इथेही त्या काळचे गावनकाशे आणि दोन्ही राज्यांची संयुक्त मोजणी हाच मार्ग. मोबाईलवरच्या नकाशातली तुटक रेघ पुरावा नसते. जुन्या मोजणीनंतर वस्ती वसली असेल तर ती जुन्या नकाशात दिसणारच नाही, हेही लक्षात ठेवावे.

मोजणीने सुटले नाही आणि मुलूखच हलवायचा असेल, तर ते काम संसदेचे. घटनेच्या अनुच्छेद 3 नुसार साध्या बहुमताने राज्याची सीमा बदलता येते. विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नाही. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही 2 जून 2014 रोजी तेलंगणा झालाच. वेगळ्या विदर्भाच्या चर्चेत हा मुद्दा नेहमी हरवतो. परक्या देशाला भूभाग द्यायचा तर मात्र घटनादुरुस्ती लागते. म्हणूनच 2015 मध्ये बांगलादेशाशी छिटमहालांची (एका देशाच्या हद्दीत वेढलेले दुसऱ्या देशाचे तुकडे; भारताचे 111, बांगलादेशाचे 51) अदलाबदल करण्याआधी शंभरावी घटनादुरुस्ती झाली.

सीमांसारखाच शब्दांचाही घोळ होतो. मराठीत ‘राज्य’ हा शब्द महाराष्ट्रालाही लागतो आणि सार्वभौम राज्यसंस्थेलाही. 1933 च्या मोंटेविडिओ कराराने राज्यसंस्थेच्या चार अटी सांगितल्या: कायम लोकवस्ती, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राज्यसंस्थांशी संबंध ठेवण्याची क्षमता. महाराष्ट्राकडे पहिल्या तिन्ही आहेत, चौथी नाही. ‘राष्ट्र’ म्हणजे स्वतःला एक मानणारा जनसमूह. कुर्द लोक तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरियात विखुरलेले आहेत. राष्ट्र म्हणावे तर आहे, स्वतःची राज्यसंस्था नाही. उलट ‘संयुक्त राष्ट्रां’चे 193 सदस्य या राज्यसंस्था आहेत. नावच फसवे.

सार्वभौमत्व आणि कारभार वेगळे असू शकतात, हे समजायला दूर जायला नको. 1853 पासून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे होता, सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचे. वऱ्हाड 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडल्यावरही ते निजामाचेच मानले जाई. त्याच्या वारसाला 1936 मध्ये ‘प्रिन्स ऑफ बेरार’ (बेरार म्हणजे वऱ्हाड) ही पदवी मिळाली. त्या काळात कागदोपत्री वर्धा नदी दोन सत्तांमधली सीमा होती. नदी तीच आहे. आज तिच्या एका काठाला अमरावती जिल्हा आणि दुसऱ्याला वर्धा, एवढाच तिचा अर्थ उरला आहे.

— भूगोलाचा एक अभ्यासक, धरमपेठ, नागपूर