पंख्याच्या पात्यावरचं नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की आमच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, उपकारस्तुतीच्या सणाची, पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाची, तयारी सुरू होते. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, कोंबड्या, कुणाची शेळी चर्चमध्ये येते आणि उपासनेनंतर लिलाव होतो. माझ्या आईनं एका सणाला घेतलेली पपई आम्ही भावंडांनी फाकी मोजून खाल्ली होती. आता देणाऱ्याचं नाव आणि आकडा माइकवरून पुकारतात, टाळ्या पडतात. त्याबद्दलच लिहायचं आहे, पण आधी स्वतःबद्दल सांगायला हवं.

अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान किडनीच्या आजारानं अंथरुणाला खिळले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्या वर्षी मी चर्चला चार पंखे दिले आणि पात्यांवर लाल रंगात आमच्या घराण्याचं नाव घालून घेतलं. रविवारच्या सूचनांत ते वाचायचं राहून गेलं, तर दोन रात्री मला झोप आली नाही. प्रभूची प्रार्थना मी रोज म्हणत होते, त्यात ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हेही आलंच. आत मात्र हिशेब चालला होता : मी पंखे दिले, आता तू माझा माणूस दे. आम्ही ख्रिस्ती लोक नवस बोलत नाही, असं मी शाळेत सहकारी बाईंना किती वेळा सांगितलं असेल. मी केला तो नवसच होता.

यजमान गेले. पुढे वर्षभर मी उपासनेला जात राहिले ती लोकांनी विचारू नये म्हणून. डोक्यावर पंखे फिरत असायचे आणि मी मनात देवाशी भांडत असायची.

पुढे महिला मंडळाबरोबर केडगावला गेले. आमच्या नगरचं नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंचं. त्यांचं चरित्र मी वर्गात कितीदा शिकवलं होतं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत वैधव्य, पदरी तान्ही मनोरमा. तीच मुलगी मोठी होऊन रमाबाईंनी निराधार बायकांसाठी उभारलेल्या मुक्ती सदनाचं काम सांभाळू लागली आणि 1921 च्या जुलैत गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं साध्या बायकांना कळेल असं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. ते पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. मुलगी गेल्यावर पुढची ओळ लिहायला बसताना या बाईनं देवाकडे काय मागितलं असेल? मला तिथं उभं राहून रडू कोसळलं, कारण मी देवाला काही दिलंच नव्हतं, सौदा केला होता.

मागणं वाईट नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूनंही हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. पण त्यानं मोबदल्यात काही पुढे केलं नाही, आणि प्याला टळला नाही तेव्हा तो उठून पुढे गेला. बायबलातल्या हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोचंही मला आता वेगळं कळतं. शेत त्यांचं, विकून आलेला पैसाही त्यांचाच. सांगून थोडा ठेवून घेतला असता तरी कुणी विचारलं नसतं, हे प्रेषित पेत्रानंच सांगितलं. थोडा लपवून सगळं दिल्याचा देखावा केला, तिथं चुकलं.

म्हणून सर्व मंडळ्यांच्या पाळकांना आणि पंचांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाच्या सणाला आणि नाताळला दानाची नावं, आकडे पुकारू नका. हिशेब चोख ठेवा, वार्षिक सभेत एकूण रक्कम जरूर सांगा. पण मागच्या बाकावर दहाची नोट मुठीत धरून बसलेल्या शेतमजूर बाईला पाच हजारांच्या टाळ्या ऐकाव्या लागू नयेत. आणि पाच हजार देणाऱ्यालाही जपा. त्या टाळ्यांची सवय लागते, हे मी अनुभवानं सांगते.

पंख्यांवरचं नाव पुसावं म्हणून मी पंचांना दोनदा भेटले. यजमानांची आठवण आहे, राहू द्या, असं ते मायेनं म्हणतात. मी पुन्हा अर्ज दिला आहे. रंगाचा डबा आणि कामाची मजुरी माझ्याकडून.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर