हयातीचा दाखला आणि दुसऱ्याचा मोबाइल

प्रति,
मा. माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

मंत्रीमहोदय, जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त हवालदार. फौजेत क्लार्क होतो, म्हणून गावातल्या माजी सैनिकांचे आणि त्यांच्यामागे राहिलेल्या बायकांचे कागद अजून माझ्याच ओट्यावर येतात. नोव्हेंबर लागला की हयातीच्या दाखल्यासाठी रांग.

गेल्या नोव्हेंबरात एक काकू आल्या. वय ७६. यजमान जाऊन ९ वर्षं झाली. कॅरीबॅगेत डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), आधार, पासबुक, सगळं एकत्र. ‘स्पर्श’वर, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर, लॉगिन करायला बसलो तर ओटीपी येईना. चारदा पाठवला. मग नीट पाहिलं, तर स्क्रीनवरचे मोबाइलचे शेवटचे आकडे काकूंच्या नंबराचे नव्हतेच. तालुक्यातल्या एका सेवा केंद्रवाल्याने नोंदणी करताना स्वतःचा नंबर टाकून दिला होता. पोरगा वाईट नाही. “त्यांना कुठं मोबाइल वापरता येतो, दरवर्षी मीच करून देतो की,” म्हणाला. तेही खरंच. पण पेन्शनची किल्ली परक्या माणसाच्या खिशात आणि काकूंना गंधवार्ता नाही.

त्याच्याच कॉम्प्युटरवर ‘डाउनलोड’मध्ये आमच्या अर्ध्या गावाची आधार कार्डं पडलेली. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. फाइलवर नाव लिहिलेलं, जन्मसाल पीपीओवर. कुलूप आहे म्हणायचं, झालं. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप तर याहून उदार. “हे बरोबर आहे का बघा रे” म्हणून लोक तिथे अख्खा पीपीओ टाकतात.

मग फोन येतात. समोरचा तुमचा पीपीओ नंबर सांगतो, निवृत्तीची तारीख सांगतो आणि म्हणतो, “साहेब, दाखला अपलोड झाला नाही, पेन्शन थांबेल, मेसेजमधला नंबर सांगा.” नंबर, रँक, नाव ज्याला ठाऊक तो आपलाच, ही सवय आमच्या हाडात भिनलेली. लोक म्हाताऱ्यांना अडाणी म्हणतात, त्याचा मला राग येतो. आमचा माणूस हुकूम मानतो, म्हणून फसतो.

दुसरी तऱ्हा अब्रूवर येते. आमच्या पलटणीतल्या एका नाईकाच्या कॅन्टीन कार्डाचा फोटो कोणाच्या तरी हाती लागला. त्या फोटोवर एकाने “मी फौजी आहे, बदली झालीय, स्कूटर स्वस्तात देतो” म्हणून एका पोराकडून ॲडव्हान्स उकळला. पोरगा तक्रार घेऊन नाईकाच्या दारात. वर्दीवरच्या विश्वासाचा चोरबाजार आहे हा, आणि खुलासे करत हिंडायचं मात्र ज्याची वर्दी त्याने.

‘स्पर्श’ संरक्षण मंत्रालयाचं, पेन्शनचा कारभार प्रयागराजहून चालतो, हे मला ठाऊक आहे. तेव्हा “हा केंद्राचा विषय आहे” हे उत्तर कृपया नको. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्याचं आहे. तिथल्या माणसांनी नोव्हेंबरात तालुक्याला बसावं आणि दाखल्याआधी एकच गोष्ट पाहावी: पेन्शनला, बँकेला, आधारला नंबर कोणाचा जोडलाय. २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो, म्हणजे नातवाच्या फोनवर घरबसल्या काम होतं. हे शिकवायला तासभर पुरे. आधारवरचे ठसे कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून लावायचं बायोमेट्रिक लॉकही शिकवावं, कारण आधारवर नुसत्या अंगठ्यानेही पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. (मात्र अंगठ्याने किंवा चेहऱ्याने दाखला काढायचा तर आधी लॉक उघडावं लागतं, हेही सांगावं. नाहीतर पुन्हा माझ्याच ओट्यावर.)

आणि आपल्या खात्याला आणि ग्रामपंचायतींना एक पत्रक काढावं. घरपट्टीच्या माफीसाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी शेवटचे ४ आकडेच दिसणारं आधार चालेल आणि व्हॉट्सॲपवर कागद मागायचे नाहीत. यात खर्च कसला आलाय?

फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, हे मेळाव्यातल्या हारतुऱ्यांआधी सांगावं. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातला. आमची माणसं लाजेपायी दोन-दोन दिवस घरातसुद्धा बोलत नाहीत.

काकूंचं सांगायचं राहिलं. ‘स्पर्श’वरचा नंबर बदलला. मग आधारचा तपासला, तर तो यजमानांचा निघाला. ते गेल्यावर सिम बंद पडलेलं. काकूंना वाटलं, नंबर तसाच असेल. मी लावून पाहिला. परभणीच्या एका मुलाने उचलला.

आपला,
एक निवृत्त हवालदार (क्लार्क), सातारा जिल्हा