डब्याचं सील फोडण्याआधी

पुणे, रविवार सकाळ

प्रिय संज्या,

तुझ्या अमिनो पावडरीच्या डब्याचा फोटो मिळाला. काळा डबा, सोनेरी अक्षरं, वर वीज कडाडतेय आणि चव ‘ब्लू रास्पबेरी’. कोल्हापुरात राहून माणूस ब्लू रास्पबेरी पिणार म्हणजे तांबड्या रश्श्यानं कुठं तोंड लपवायचं? ‘घेऊ का?’ असं विचारलंयस, म्हणजे घेतलायस, हे मी तेव्हाच ओळखलं.

सहा महिन्यांपूर्वी तू दूध सोडल्याचं कळवलंस तेव्हा मी फोनवर हसलो होतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध रिचवणारा माणूस! पण मला हसायचा काही अधिकार नव्हता. मलाही आता तीन वर्षं होतील. दूध, दही, तूप सुटलं त्याचं फारसं वाटत नाही. अमृततुल्यचा चहा मात्र अजून छळतो. कोपऱ्यावर आलं ठेचल्याचा आवाज आला की पाय आपोआप रेंगाळतात.

तर, व्हीगन राहून, म्हणजे दूधदुभतंही न घेता, अंगावर मांस चढवायचं असेल तर अमिनो पावडर लागते का? नाही लागत. आता नुसतं ‘नाही’ म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, कारण तुझा ट्रेनर ‘हो’ म्हणतोय आणि त्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. म्हणून सविस्तर लिहितो.

मी हा गाढवपणा तुझ्याआधी केलाय. जिम लावली, दोन महिन्यांत वजनं वाढेनाशी झाली, तेव्हा तिथल्या एकानं सांगितलं, “सर, व्हीगन म्हणजे अमिनो कमी पडणारच, बीसीएए चालू करा.” मी निमूटपणे जाऊन त्या पावडरीचा डबा आणला. चव नसलेला, स्वस्त पडतो म्हणून. पहिल्या दिवशी स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं, चमचाभर पावडर टाकली, ढवळली. ती विरघळेचना. वर टाल्कम पावडरीसारखी तरंगत राहिली, चमचा घालून दाबली तरी पुन्हा वर. ल्युसीनचा स्वभावच तसा, पाण्याशी त्याचं जमत नाही. नाक दाबून प्यायलो तर कारल्याच्या रसाला गोड म्हणायची पाळी आली. ही पेला-नाटकं सहा महिने चालली. वजनकाट्यानं ढिम्म दाद दिली नाही. तो डबा आता आमच्या स्वयंपाकघरात दाण्याच्या कुटासाठी आहे, झाकण फार घट्ट बसतं. तेवढी एक गोष्ट मात्र त्या कंपनीनं मनापासून केलेली आहे.

चूक कुठं होती ते नंतर कळलं. आपलं शरीर प्रथिनं बांधतं ती वीस अमिनो आम्लांतून. त्यातली नऊ त्याला स्वतःला बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. बीसीएए म्हणजे त्या नवांतली तीन: ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलिन. यातलं ल्युसीन हे खरोखर महत्त्वाचं आहे. ते पेशीला ‘चला, बांधकाम सुरू’ असा इशारा देतं. पण गणपतीत पथकाचं काय होतं बघ. ताशावाल्यानं कितीही झकास तर्री दिली, तरी मागं ढोलच नसतील तर मिरवणूक कसली? नुसत्या ताशावर पथक उभं राहत नाही. इशारा मिळाला, पण बाकीची सहा आणायची कुठून? उपाशीपोटी घेतलंस तर शरीर ती आपल्याच स्नायूंतून काढतं. म्हणजे दिवाणखाना बांधायला स्वयंपाकघराची भिंत पाडायची. रॉबर्ट वुल्फ नावाच्या अमेरिकन संशोधकानं २०१७ साली हा सगळा पुरावा तपासून लिहिलं की नुसत्या बीसीएएनं माणसात स्नायूंची बांधणी वाढते या दाव्याला आधार सापडत नाही. ते वाचलं तेव्हा माझ्या पैशांचा हिशोब मी केला नाही, करायची हिंमत नव्हती.

तुझ्या डब्यावर ‘ईएए’ लिहिलंय, म्हणजे ताटातूनच यावी लागणारी ती आवश्यक नऊच्या नऊ आहेत. ते बीसीएएपेक्षा शहाणपणाचं आहे, हे मान्य. पण एका स्कूपमध्ये सात-आठ ग्रॅम. तेवढी आवश्यक अमिनो आम्लं पन्नास ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये सहज मिळतात, शिवाय पोटही भरतं. चंक्स किलोला दीडशेच्या आसपास. तुझा डबा कितीला पडला ते तू लिहिलं नाहीस, ते मुद्दामच असणार.

मुळात माझं अडत होतं ते अमिनोच्या जातीवर नव्हे, एकूण प्रथिनांवर. वजनं उचलणाऱ्याला दर किलो वजनामागं रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, त्याच्या वर फारसा फायदा दिसत नाही, असं २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून सांगितलं गेलं. साध्या माणसासाठी आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, आकडा ०.८३ आहे. माझं वजन तेव्हा ६८ किलो, म्हणजे हवेत १०९ ग्रॅम. मी एका रविवारी वजनकाटा घेऊन बसलो आणि आपलं सदाशिवपेठी ताट मोजलं. पोहे, त्यात मोजून बारा शेंगदाणे. तीन पोळ्या. वरणाची वाटी, आमच्याकडचं वरण म्हणजे खाली हळदीचं पाणी आणि तळाला डाळीची आठवण. भात. फ्लॉवरची भाजी. रात्री पुन्हा तेच. पन्नास ग्रॅमच्या आतच कारभार आटोपला. दूध-दही-पनीर होतं तेव्हा हा खड्डा झाकला जात होता, ते गेलं आणि खड्डा उघडा पडला. आणि मी त्यात पाच ग्रॅम बीसीएए टाकत होतो.

कुणीतरी तुला नक्की सांगेल की आपल्या आजीला हे सगळं ठाऊक होतं. धान्यात लायसीन कमी, डाळीत मेथिओनीन कमी, दोन्ही एकत्र केली की एकमेकांची उणीव भरून निघते: वरण-भात, मिसळ-पाव, थालीपिठाची भाजणी. खरं आहे ते. ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, मूठभर धने, सगळं खमंग भाजून दळलेलं, त्यात अमिनोंचा मेळ उत्तम बसतो. पण आजीला दंड वाढवायचे नव्हते. भाजणीत मुख्य वाटा धान्याचा, त्यामुळं प्रथिनं माफकच. फक्त थालीपिठांवर १०९ गाठायला निघालास तर शर्टाची बटणं आधी जातील. एक मात्र समजून घे, डाळ आणि धान्य एकाच घासात असायला हवं असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की झालं.

आता माझं सध्याचं ताट सांगतो, नक्कल करायची तर कर. सकाळी दीडशे ग्रॅम टोफूची भुर्जी, कांदा-टोमॅटो-हळद आणि वर चिमूटभर काळं मीठ, त्यानं अंड्याचा वास येतो. दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ, पण वाटीभर नव्हे, सुकी साठ ग्रॅम मटकी भिजवून होते तेवढी सगळी, सोबत तीन पोळ्या. संध्याकाळी जिमनंतर मटार आणि तांदूळ मिसळलेल्या प्रोटीन पावडरीचा एक मोठा स्कूप. मधल्या वेळेला मूठभर भाजके दाणे. रात्री सोया चंक्स आणि भाकरी.

चंक्सना नावं ठेवू नकोस, तुला नीट करता येत नाहीत एवढंच. उकळत्या पाण्यात मीठ घालून दहा मिनिटं ठेवायचे, मग गार पाण्यात टाकून दोन्ही तळव्यांत दाबून पिळायचे. पिवळट फेसाळ पाणी निघतं, ते फेकायचं. हे दोनदा. तो जो कच्चट वास तुला आवडत नाही तो त्या पाण्याबरोबर जातो. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, तुमचा कोल्हापुरी मसाला, आणि झाकण ठेवून वीस मिनिटं. शंभर ग्रॅम सुक्या चंक्समध्ये ५२ ग्रॅम प्रथिनं असतात, आपण निम्मे घ्यायचे. पहिले पंधरा दिवस पोटात वारा धरेल. आमच्याकडं त्या काळात पंखा पाचवर असायचा. पोट हळूहळू सरावतं. आणि सोयानं पुरुषांचे हार्मोन बिघडतात ही भीती घालणाऱ्यांना सांग, त्यावर पुष्कळ अभ्यास झाले, टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही.

‘पण वनस्पतींची प्रथिनं हलकी ना?’ हा प्रश्न साओ पाउलो विद्यापीठातल्या लोकांनी सरळ तपासून पाहिला. १९ व्हीगन तरुण, १९ मिश्राहारी, बारा आठवडे पायांचा व्यायाम. दोघांनाही किलोमागं १.६ ग्रॅम प्रथिनं, एका गटाची भर सोयानं, दुसऱ्याची व्हेनं, म्हणजे दुधातल्या प्रथिनानं. २०२१ मध्ये निकाल छापला: पायांचे स्नायू आणि ताकद दोन्हीकडं सारखीच वाढली. ती पोरं विशीतली होती आणि आपण पंचेचाळिशीतले, तेव्हा शेखी मिरवू नये. पण हिशोब तोच. सोयात ल्युसीन व्हेपेक्षा थोडं कमी असतं, म्हणून एकेका जेवणात वीसऐवजी तीस ग्रॅम प्रथिनं घ्यायची. झालं.

मग अमिनो कुणासाठी? माझ्या वडिलांसारख्यांसाठी, कदाचित. शहात्तर वय, भूक चिमणीची, दोन घासांत ‘पुरे’. अशा जेवणाला दोन-तीन ग्रॅम ल्युसीनची जोड देण्यात अर्थ असू शकतो, तोही डॉक्टरांना विचारून. तुझी भूक मी पाहिलेली आहे.

घेतलाच आहेस तर निदान डबा उलटा करून वाच. हिरव्या ठिपक्यावर विसंबू नकोस. व्हेलाही हिरवा ठिपका असतो, कारण आपल्या कायद्यात दूध शाकाहारी. व्हीगन पदार्थांचे नियम एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०२२ मध्ये आणले, त्याची खूण वेगळी: हिरवा ‘व्ही’ आणि त्यावर पान. अमिनोंच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण ती पूर्वापार बदकाची पिसं आणि चक्क माणसाचे केस आम्लात शिजवून काढत आलेत. आता बहुतेक चांगला माल जिवाणूंकडून साखर आंबवून होतो. ती वाट जपानमध्ये १९५६ साली सापडलेल्या एका जिवाणूनं उघडली, मूळ उद्देश अजिनोमोटोचा. त्याच तंत्रानं आज लायसीनचे ढीग तयार होतात आणि बहुतेक कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जातात. आपल्याआधी त्यांना जिम लागली म्हणायची.

प्रोटीन पावडर घेतानाही घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन असं सुटं अमिनो वेगळं लिहिलेलं दिसलं तर डबा खाली ठेव. प्रथिनं मोजायची जुनी पद्धत केल्डाल या डॅनिश रसायनतज्ज्ञाची, १८८३ सालची. ती मोजते नायट्रोजन आणि त्याला ६.२५ नं गुणते. नायट्रोजन कशातून आला हे तिला कळत नाही. म्हणून स्वस्त ग्लायसिन मिसळलं की आकडा फुगतो. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजननं भरलेलं रसायन घातलं ते याच भोकातून.

ज्या दोन गोष्टी मात्र मी सोडणार नाही त्या अमिनोच्या रांगेत बसतच नाहीत. एक क्रिएटिन, स्नायूंना झटपट ताकद पुरवणारा पदार्थ. झाडपाल्यात ते जवळपास नसतंच, त्यामुळं आपल्या स्नायूंत त्याचा साठा कमी. रोज तीन ते पाच ग्रॅम, पाण्यात, चव वाळूसारखी. कारखान्यात रसायनांपासून बनतं, त्यामुळं व्हीगनला चालतं, पण कॅप्सूल नको, तिचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं, असू शकतं. माझा स्क्वॉट साठ किलोवरून पंच्याऐंशीवर गेला तो ताट सुधारल्यावर आणि हे सुरू केल्यावर. रक्त तपासायला गेलास तर डॉक्टरांना आधी सांग, मूत्रपिंडाच्या तपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा यानं थोडा वर दिसतो. आणि मूत्रपिंडाची काही जुनी तक्रार असेल तर यातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय नको.

दुसरी, बी-१२ जीवनसत्त्व. इथं मी मस्करी करत नाही. आमच्याच पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांच्या गटानं ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये छापलं. दोनतृतीयांश लोकांत बी-१२ कमी. ते तर दूध पिणारेही होते. तू दूधही सोडलंस. सहा महिन्यांत गोळी घेतली नसशील तर या आठवड्यात तपासणी कर. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळं माणूस गाफील राहतो, आणि मग पायांना मुंग्या येऊ लागतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये सरसकट सांगितलं की प्रोटीन पावडरी टाळा. त्यांचं म्हणणं मला कळतं, त्यांना देशभरातल्या पोरांशी बोलायचंय. मी तो एक स्कूप सातूच्या पिठासारखा धरतो, घाईच्या वेळचं अन्न म्हणून. ज्या दिवशी घरी निवांत असतो त्या दिवशी घेतही नाही.

पुढच्या शनिवारी मी कोल्हापुरात येतोय, दुपारच्या गाडीनं. वहिनींना सांग, चहा कोरा, आणि जेवायला काही वेगळं करू नका. चंक्स मी भिजवून आणतो, वाटण तुमच्याकडचं.

तुझा,
श्री

ता. क. सील फोडलं नसशील तर पावती शोध, दुकानदार परत घेतो का विचार. फोडलं असेल तर पावडर संपव कशीही, पण डबा टाकू नकोस. मला अजून एक हवाय, तिखटासाठी.