हॅश बाइटचा असतो, अक्षरांचा नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीत जावा या प्रोग्रामिंग भाषेत एसएचए-२५६ या अल्गोरिदमने हॅश, म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, कसा काढावा, हे सांगणारा लेख वाचला. असा विषय मराठीत येतो याचा आनंद आहे, आणि लेखात चुकीचे असे काही नाही. मात्र ‘तीन ओळींत काम होते’ हा जो त्याचा सूर आहे, त्याविषयी थोडे लिहिणे आवश्यक वाटते. मेसेजडायजेस्ट या क्लासकडे अल्गोरिदमचे नाव देऊन ऑब्जेक्ट मागायचा, अपडेट मेथडने त्याला माहिती पुरवायची आणि डायजेस्ट मेथड कॉल करून ३२ बाइटचे उत्तर घ्यायचे, इतके ते सोपे आहे खरे. ऑब्जेक्टच्या आतले गणितही वर्षानुवर्षे तपासलेले असते. चुका होतात त्या त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे माहिती आत देताना आणि उत्तर बाहेर घेताना. आणि नेमका तोच भाग लेखात एका वाक्यात उरकला आहे.

हॅश अल्गोरिदमला अक्षरे ठाऊक नसतात, त्याला फक्त बाइट कळतात. त्यामुळे मजकुराचे बाइट कोणत्या पद्धतीने केले, म्हणजे एन्कोडिंग कोणते, हे आधी ठरवावे लागते. ‘मराठी’ या शब्दात युनिकोड या जागतिक चिन्हसूचीतील पाच चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये त्यांचे १५ बाइट होतात. मात्र जावात गेटबाइट्स ही मेथड एन्कोडिंग न सांगता कॉल केली, तर २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ च्या आधीच्या आवृत्त्या संगणकाचे स्वतःचे एन्कोडिंग वापरत. ते जर पश्चिम युरोपीय लिपीसाठी केलेले विंडोज-१२५२ असेल, तर त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक चिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह घातले जाते. ‘मराठी’ची पाच प्रश्नचिन्हे होतात आणि ‘कविता’चीही पाचच. मग दोन्ही शब्दांचा एसएचए-२५६ तंतोतंत सारखा येतो. या अल्गोरिदमसाठी दोन वेगळ्या मजकुरांचा समान हॅश आजवर कोणालाही सापडलेला नाही. इथे मात्र तो आयता तयार होतो, आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही. जुन्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या प्रणाली अजून पुष्कळ आहेत, त्यामुळे यूटीएफ-८ चे नाव स्पष्ट लिहिण्याची सवय आजही सोडू नये.

एन्कोडिंग ठरवले तरी देवनागरीचा प्रश्न पुरता सुटत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह म्हणून लिहिता येते, तसेच साधा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. शिवाय र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही ‘ऱ्या’ उमटवण्याची रीत आहे. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, हॅश मात्र तिघांचे तीन. पहिल्या दोन रूपांचा मेळ जावातील नॉर्मलायझर हा क्लास घालतो, तिसऱ्याकडे तो पाहत नाही. ते आपणच हाताळावे लागते. अर्थात हे सोपस्कार शोधासाठी वापरायच्या शब्दासाठी किंवा वापरकर्त्याने टंकलेल्या पासवर्डसाठी करावेत. एखाद्या दस्तऐवजात बदल झाला आहे का, हे पाहायचे असेल, तर त्याचे बाइट जसेच्या तसेच घ्यायला हवेत.

फाइलच्या बाबतीत एन्कोडिंगचा प्रश्न येत नाही, पण तिथला खड्डा वेगळा आहे. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी वाचावी लागते. समजा फाइल १०,००० बाइटची आहे आणि बफर, म्हणजे वाचलेले बाइट तात्पुरते ठेवण्याची जागा, ४,०९६ बाइटचा. दोनदा तो पूर्ण भरतो, तिसऱ्या वेळी १,८०८ बाइटच मिळतात आणि बफरच्या उरलेल्या भागात आधीच्या वाचनाचे २,२८८ बाइट तसेच पडून असतात. अपडेटला किती बाइट मिळाले ते न सांगता सबंध बफर दिला, तर हे शिळे बाइटही हॅशमध्ये मिसळतात. ऑब्जेक्ट आपली अंतर्गत स्थिती सांभाळून ठेवतो, ही त्याची सोयही आणि जोखीमही. एकच मेसेजडायजेस्ट ऑब्जेक्ट स्टॅटिक, म्हणजे साऱ्या प्रोग्रामसाठी सामाईक, करून एकाच वेळी चालणाऱ्या अनेक थ्रेडना वाटून दिला, की एकाचे बाइट दुसऱ्याच्या हॅशमध्ये शिरतात. चाचणीत हे सहसा दिसत नाही, गर्दी वाढल्यावर दिसते.

आता उत्तर बाहेर घेताना काय होते ते पाहू. ३२ बाइट षोडशमान पद्धतीत लिहिले तर ६४ अंक व्हायला हवेत. त्यासाठी बिगइंटिजर या क्लासचा आडमार्ग अनेक जण वापरतात, परंतु तो हॅशकडे संख्या म्हणून पाहतो आणि संख्येच्या सुरुवातीची शून्ये लिहायची नसतात. सरासरी सोळांतून एकदा पहिला अंक शून्य येतो आणि उत्तर ६४ अंकांपेक्षा आखूड निघते. उरलेल्या पंधरा वेळा सारे सुरळीत चालत असल्याने चूक लपून राहते. २०२१ मधील जावा १७ पासून यासाठी हेक्सफॉरमॅट हा क्लास मिळाला आहे. लेखात त्याचा उल्लेख हवा होता.

अल्गोरिदमच्या निवडीबद्दल फार लिहीत नाही. एमडी५ या जुन्या अल्गोरिदममधील टकरी, म्हणजे वेगळ्या मजकुरांचे समान हॅश, २००४ मध्ये आणि एसएचए-१ मधील २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवल्या गेल्या, तेव्हा नव्या कामात सुरक्षिततेसाठी दोन्ही नकोत. जावातील प्रत्येक ऑब्जेक्टला असणारा हॅशकोड हा तर केवळ ३२ बिटांचा आहे आणि सुरक्षिततेशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजी मोठा ए व लहान ए यांची जोडी आणि दोन मोठे बी यांचा हॅशकोड एकच, २११२, येतो. पासवर्डसाठी मात्र एसएचए-२५६ सुद्धा नुसता वापरू नये, कारण तो फार वेगवान आहे आणि तो वेग अंदाज लावत बसणाऱ्याच्याच कामी येतो. तिथे मुद्दाम संथ केलेले बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ हे अल्गोरिदम आणि प्रत्येक पासवर्डसाठी वेगळा सॉल्ट, म्हणजे हॅशच्या आधी त्यात मिसळलेले यादृच्छिक बाइट, हवा.

लेखाचा पुढील भाग येणार असल्याचे आपण छापले आहे, म्हणून एक विनंती. लेखातील नमुना प्रोग्राम इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या तीन अक्षरांवर चालवून दाखवला आहे. मानकाबरोबर मिळणारे उदाहरणही तेच आहे, त्यामुळे लेखकाला दोष देता येणार नाही. पण ती अक्षरे विंडोज-१२५२ मध्ये आणि यूटीएफ-८ मध्ये सारख्याच बाइटने लिहिली जातात आणि वर सांगितलेली एन्कोडिंगची चूक असलेला प्रोग्रामही त्या चाचणीत उत्तीर्ण होतो. पुढील नमुन्यात ‘दुसऱ्या’सारखा एखादा शब्द घ्यावा आणि हॅशच्या आधी त्याचे बाइटही छापून दाखवावेत.

आपला,
संगणकशास्त्र शिकवणारा एक वाचक