दादांची बसराई, रंगाच्या डब्यात

रावेर, १८ जून

सुध्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. आबांचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच. फोनवर हे सांगायला गेलो असतो तर तू दुसऱ्याच वाक्याला ‘मग त्यात काय झालं?’ म्हटला असतास आणि मी फोन आपटला असता. मळा विकलास तेव्हा तेच झालं होतं. म्हणून लिहितोय. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

तर, मे संपता संपता नव्या मालकाने विहिरीकडचा तुकडा सपाट करायला घेतला. त्याचा हक्क आहे. तू विकलास, त्याने घेतला, तो विषय मी पुन्हा काढणार नाही (काढला, हे मलाही दिसतंय). जेसीबी बांधावर उभा, चालक चहा पीत बसलेला, तेवढ्यात मी आणि नाम्या कुदळ-पहार घेऊन थारोळ्यापाशी गेलो आणि तुझ्या दादांचं ते बसराई केळीचं बेट हाताला लागलं तेवढं खणून आणलं. सगळ्या शिवारात आता ग्रँड नैन नाहीतर श्रीमंती जातीची केळी. ते बेट गेलं असतं तर गावात बसराई बघायला मिळाली नसती.

पोतं ओट्यावर रिकामं केलं आणि भांडणाला तोंड फुटलं. आबा म्हणाले, “उद्याच्या उद्या खड्डे घे, शेणखत टाक आणि पुरून दे.” मी म्हटलं, डब्यात लावणार. त्यावर आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू म्हैस माळ्यावर बांधायची म्हणतोय. “सगळ्या खान्देशाने कंद जमिनीतच लावले ना भो? डबे कुठं होते तेव्हा?”

खरं तर पाणकंद, म्हणजे रुंद पानांच्या कमजोर मुनव्यांचे (पिलांचे) कंद, आबांनीच निवडून बाजूला फेकले. अरुंद पानांच्या मुनव्यांचे, अर्धा-पाऊण किलोचे तेवढे ठेवले. कोयत्याने मुळ्या तासायला बसलो तर एकात सोंडकिडीचं भुयार निघालं, तपकिरी, करंगळी जाईल एवढं. पांढरं लागेपर्यंत तासत गेलो तर शेवटी हातात मूठभर कंद आणि एक डोळा उरला. आबा म्हणाले, “ह्याची भाजीच कर आता.” बाकीचे तासून बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवले, सावलीत सुकवले आणि रंगाच्या वीस लिटरच्या डब्यांना तळाशी भोकं पाडून लावले. पोयटा, वाळू, कुजलेलं शेणखत. डोळा वर, त्यावर दोन बोटं माती. एकदा पाणी दिलं आणि कोंब दिसेपर्यंत डब्याकडे फिरकलो नाही. पान नसलेला कंद पाणी ओढत नाही, नुसता सडतो. ही अक्कल मला तुझ्यामुळे आली. राहुरीला होस्टेलच्या गच्चीवर तू तेलाच्या डब्यात केळ लावली होतीस आणि रोज बादलीभर पाणी घालून तिचं लोणचं केलं होतंस. वर रेक्टरला सांगितलंस की हा प्रयोग आहे!

आबांचं अगदीच चूक नाही. केळीची मुळं वरच्या फूट-दीड फुटात आडवी पळतात, डब्यात ती भिंतीला आपटून गोल फिरायला लागतात. जमिनीत लावलेल्या कंदाला हलवाहलवीचा धक्काही नसतो. पण तुलाही आठवत असेल, कंदाची बाग कधी एकसारखी यायची नाही. एक कोंब वर, शेजारचा महिनाभर जमिनीतच. मग निसवणही (घड बाहेर पडणं) तशीच मागे-पुढे आणि कापणी संपता संपायची नाही. डब्यातून लावलं तर सारख्या उंचीची निवडून लावता येतात. आणि ४४-४५ अंशांत कोवळा कोंब वावरात होरपळण्यापेक्षा कडुनिंबाखाली बरा. हे सगळं मी आबांना सांगितलं, त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि नाम्याला खड्डे घ्यायला लावले.

खरं कारण मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

मला भीती आहे हरण्या रोगाची, केळीच्या त्या विषाणूरोगाची. सोंडकीड तासून काढता येते, सूत्रकृमी गरम पाण्याने मरतात, पण तो विषाणू कंदाच्या आतच असेल तर तिथे कोयताही चालत नाही आणि औषधही. रोगट कंदातून रोगटच झाड येणार, आणि मावा तिथून उचलून शेजारच्या झाडावर नेऊन ठेवणार. आबांनी खड्डे घेतलेत ते माझ्या ग्रँड नैनच्या बांधाला लागून. पाच बाय पाच फुटांवर लावलेली बाग, एकरी १७४२ रोपं, सगळी टिश्यू कल्चरची, सगळी उधारीवर. आपल्या भागात हरण्याने लोकांना उभ्या बागा उपटायला लावल्या आहेत, तू बातम्यांत वाचलं असशील. पण दादांच्या केळीला रोग असेल, हे आबांपुढे तोंडातून काढायची माझी टाप नाही. दादा गेल्यापासून ते त्या विहिरीकडे गेलेले नाहीत. पोतं आणलं त्या रात्री मात्र उठून कंद बघून आले, मी जागा होतो.

म्हणून डबे. वेगळे ठेवायचे, पानं बघायची, संशय आला तर डब्यासकट उचलून जाळायचं. कागदावर सोपं आहे. भानगड अशी की हा रोग कडक उन्हात दडून बसतो. ढगाळ, गार हवा पडली, चार दिवस रिपरिप लागली की मग पानांवर उमटतो. म्हणजे आज पान स्वच्छ दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही. थांबायचं तर श्रावणापर्यंत थांबावं लागेल, तोवर मृगाची लागवड हुकणार आणि मुळं डब्यात गुंडाळी करून बसणार. आणि नाही थांबलो तर!

त्यात परवा एका डब्यात कोवळ्या पानावर शिरांच्या बाजूने फिकट पिवळ्या रेषा दिसल्या. पान उन्हाकडे धरून पाहिलं, दुपारी पुन्हा पाहिलं. जस्त कमी पडलं तरीही पान असंच दिसतं, आणि आमच्या बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे ते तुला माहीतच आहे, पातेल्याला पांढरा थर बसतो. तो डबा उचलून गोठ्यामागे ठेवला. मग लक्षात आलं की तिथे हिने गिलक्याचा वेल चढवलाय, आणि काकडीवर्गातली वेल म्हणजे या रोगाचं माहेर. हिला म्हटलं वेल काढ. ती म्हणाली, “डबा काढा.” वेल आहे, डबा आता मोटरच्या खोलीत आहे, आणि गिलक्याची भाजी तीनदा झाली.

तर काम असं आहे. काकूंना विचार की त्या बेटाच्या पानांवर पावसाळ्यात कधी पिवळे पट्टे यायचे का, कोवळं पान सुरळी उलगडण्याआधीच सडायचं का, घड चिंबलेले निघायचे का. त्या रोज तिथे धुणं धुवायच्या, दादांपेक्षा त्यांनाच जास्त माहीत असेल. कशासाठी ते सांगू नकोस. त्या ‘नाही’ म्हणाल्या तर चांगले कोंब मी नाल्यापलीकडच्या पडीत, बागेपासून लांब, पहिल्या चांगल्या पावसात लावून टाकतो आणि आबांना सांगतो की बांधाजवळ पाणी साचतं. ‘हो’ म्हणाल्या तर सगळे डबे जाळावे लागतील, आणि ते करताना तू इथे असावंस असं मला वाटतं. मळा तुझा नसेल, कंद तुझेच आहेत.

पोरीला सीईटीत चांगले मार्क पडले असं हिच्याकडून कळलं, तिला शाबासकी दे. वाकडचा फ्लॅट मिळाला की अजून तारीखच चालू आहे? पाठीचा पट्टा वापर, मिरवण्यासाठी घेतलेला नाही.

फोन करशील तर संध्याकाळी सातनंतर कर, आबा तेव्हा देवळात असतात.

तुझा,
दिल्या

ता. क. नाम्या विचारतोय, बसराईचा पहिला घड निसवला तर वाटा कोणाचा. मी सांगितलं, ज्याने खणला त्याचा. तुला हरकत असेल तर यायला लागेल.