अंड्यातून आलेली लिंदा

टॅलिन, एस्टोनिया, रविवार सकाळ

लाडके लिंदा,

काल फोनवर म्हणालीस की पुण्यात सगळे विचारतात, "आई मराठी, मग तुझं नाव इंग्रजी कसं?" आणि स्पॅनिशमध्ये लिंडा म्हणजे सुंदर, असं कुणीतरी सांगितल्यापासून तू तेच ठोकून देतेस. सुंदर आहेसच, पण तुझं नाव तिकडचं नाही गं. फोनवर सांगायला लागले की नुसती "हो हो" करतेस, म्हणून लिहिते.

बाबा तुला हाक मारतात ती नीट ऐक. ते लिंडा म्हणत नाहीत, लिंदा म्हणतात. द दाताला लागतो. एस्टोनियनमध्ये 'लिंद' म्हणजे पक्षी.

इथल्या व्होरू गावच्या डॉक्टर क्रॉइट्सवाल्डनी लोककथा नि लोकगीतं ओवून 'कालेविपोएग' (म्हणजे कालेवचा मुलगा) हे महाकाव्य रचलं. ते १८५७ ते १८६१ मध्ये छापलं गेलं. त्यात एका विधवेला वाटेत कोंबडीचं पिल्लू, एका रानपक्ष्याचं अंडं आणि कावळ्याचं पिल्लू सापडतं. ती तिन्ही घरी आणून धान्याच्या कोठारात ठेवते. कोंबडीच्या पिल्लाची साल्मे होते, अंड्यातून लिंदा येते. (कावळ्याच्या पिल्लाची मात्र मोलकरीण! हे मला कधीच पटलं नाही.) लिंदाला मागणी घालायला चंद्र येतो, सूर्य येतो, पाणी आणि वाराही येतात. ती सगळ्यांना परत पाठवते आणि कालेवला हो म्हणते.

महाकाव्याच्या नायकाची, कालेविपोएगची आई ती हीच. पण तो जन्मायच्या आधीच कालेव जातो. ती एकेक दगड वाहून त्याच्या कबरीवर रचते; तीच आपली टॅलिनमधली तोंपेआची टेकडी. एक दगड वाटेत निसटतो. ती त्याच्यावर बसून रडते, आणि त्या आसवांचं झालं युलेमिस्ते तळं. विमान उतरताना खाली दिसतं ना, ते. टॅलिनच्या नळाला पाणी तिथलंच येतं, म्हणजे तुझ्या बाटलीतलं दूधही मी त्याच आसवांत कालवलं.

तोंपेआच्या उतारावरचा पुतळा तुला आठवत असेल, मान खाली घालून बसलेली बाई. शिल्पकार वाइत्सेनबेर्गने घडवलेली ती लिंदा १९२० पासून तिथे आहे. लहानपणी तू तिच्या पायाचा अंगठा धरून उभी राहायचीस. मार्च १९४९ मध्ये सोव्हिएत राजवटीने इथली वीस हजारांहून जास्त माणसं, बहुतेक बायका-पोरं आणि म्हातारी, मालगाड्यांत कोंबून सायबेरियाला नेली. ज्यांच्या माणसांच्या कबरी कुठे आहेत तेच माहीत नाही, त्यांनी फुलं कुठे वाहायची? सोव्हिएत काळात लोक ती चोरून लिंदाच्या पायाशी ठेवायचे. तुझी वानाएमा, बाबांची आई, अजून दर २५ मार्चला तिथे मेणबत्ती लावते. मेणबत्ती वाऱ्याने विझते, ती पुन्हा लावते. बोलत काहीच नाही. नाव मी तिच्यासाठी ठेवलं, हे तिला आजवर सांगितलेलं नाही.

तुझं बारसं इथल्याच स्वयंपाकघरात झालं. पाळणा नव्हता, कपड्यांच्या टोपलीत ठेवलं होतं तुला. आत्या म्हणून बाबांच्या बहिणीला उभं केलं आणि कानात "कुर्रर्र" कर म्हटलं, तर ती हसायलाच लागली. इथे 'कुर्ग' म्हणजे करकोचा, आणि बाळं तोच आणून देतो असं पोरांना सांगतात. तिला वाटलं, मी एस्टोनियनच बोलतेय.

मावशीला सांग, काळा मसाला संपत आलाय.

तुझी
आई