भर मे महिन्यात कूलर बंद करणाऱ्या ताईंना

ताई,

तोंडावर थँक्यू म्हणलं की तुम्ही "चल, काहीतरीच तुझं" म्हणून चहा ठेवायला उठता आणि माझं बोलणं तिथंच राहतं, म्हणून इथं लिहायलेय, सगळ्यांसमोर. नाव टाकू नको म्हणलात म्हणून टाकत नाही, गल्लीतल्या बायकांना कळायचं ते कळेलच. त्या शनिवारी तुम्ही आला नसता तर मी केकचं काम कायमचं सोडलं असतं, ओव्हन विकायचं मनात पक्कं झालं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. केक पॉप म्हणजे केकचा चुरा करायचा, थोड्या क्रीममध्ये मळून लाडू वळायचे, काडी खोचायची आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून वर रंगीत दाणे, रेघा, फुलं काय हवं ते सजवायचं. लेकरांच्या वाढदिवसाला आजकाल फार मागणी आहे. मला जिंतूर रोडवरच्या एका घरून ऑर्डर होती, बाळाचा पहिला वाढदिवस, 60 केक पॉप, गुलाबी आणि पांढरे, संध्याकाळी द्यायचे, ॲडव्हान्स घेतलेला. आणि परभणीत पारा 43 वर.

आता क्लासबद्दल बोलते, ते बोलल्याशिवाय तुम्ही काय केलंत हे लोकांना कळणार नाही. मराठवाडा एक्सप्रेस पकडून संभाजीनगरला जाऊन मी केक पॉपचा क्लास केला होता, फी भरून, लेकराला सासूबाईंकडं ठेवून. मस्त एसी हॉल, मॅडमनी गोळा बुडवला की जरा वेळात चॉकलेट सेट, बायका टाळ्या वाजवायल्या. एकीनं विचारलं, घरी एसी नसेल तर कसं करायचं, तर म्हणल्या ते पुढच्या लेव्हलला घेऊ, आणि पुढच्या लेव्हलची फी वेगळी. जाताना सगळ्यांना महागाचं चॉकलेट विकलं ते कोको बटरवालं. कोको बटर 34 डिग्रीच्या आसपास वितळतं, म्हणून तर ते तोंडात ठेवलं की विरघळतं, आणि माझ्या पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात दुपारी त्याच्या कितीतरी वर गरम असतंय, मग ते सेट होणार कसं? आम्ही कुठून आलोय, परभणी, जालना, हिंगोली, हे त्यांच्या फॉर्मवर लिहिलेलं होतं. बायांनो, उन्हाळ्यात हे वापरू नका, एवढं एक वाक्य सांगायला काय लागतं? नाही सांगितलं. ऑर्डरच्या दिवशी बिघडलेल्या चॉकलेटचा फोटो टाकून मॅडमना विचारलं, ब्लू टिक आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी त्याच नंबरवरून नव्या बॅचची जाहिरात आली. मला आजही ते आठवलं की राग येतो.

सामानाच्या दुकानात फोन केला तर "उन्हाळ्यात कशाला घेता असली कामं" म्हणून ठेवून दिला. ओळखीच्या एका बेकरनं तर तोंडावर सांगितलं की हे ज्याचं त्यानं शिकायचं असतं, आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

अशात तुम्ही आलात, तेही तुमचा डबा न्यायला. ओट्यावर काड्या एकीकडं, गोळे एकीकडं, आणि वाटीतलं चॉकलेट पार दगड. तुम्ही बोटावर घेऊन चोळून बघितलं आणि विचारलं, "रंग कोणता टाकलास?" मी क्लासमधनं दिलेली जेलची बाटली दाखवली. "ह्यात पाणी असतंय गं. चॉकलेटात पाण्याचा थेंब गेला की साखर अन् कोको एकमेकाला धरून बसतात, मग कितीबी तापव, सुटत नाही. ह्याला तेलातला रंग लागतो." ज्यासाठी मी फी भरून आले होते ते मला उभ्याउभ्या, फुकट, माझ्याच ओट्यापाशी मिळालं. तुम्ही कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र कॉलेजात शिकलात हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं तुमच्याकडनं विरजण नेते, कधी एका शब्दानं बोलला नाहीत.

मग म्हणलात, "इथं पत्र्याखाली होणार नाही, आमच्या माळवदाच्या खोलीत चल." तुमच्या घराचा तेवढा एक जुना भाग राहिलाय, हात-हात जाड भिंती, वर मातीचं माळवद, भर दुपारी गार. पोराला पाठवून कंपाउंड चॉकलेट, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप घातलेलं, आणि तेलातला रंग आणवलात. आणि आपण बसलो.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायलेय ते सांगते.

त्या खोलीत आजी झोपलेल्या होत्या, कूलर चालू. पहिले गोळे बुडवून फ्रीजमध्ये ठेवले, बाहेर काढले की त्यांच्यावर घाम सुटायला लागला, बारीक बारीक थेंब, दाण्यांचा रंग ओघळायला लागला. कूलरची हवा ओली, गार गोळ्याला लागली की पाणी धरणारच. मला ते कळलं होतं, पण बोलणार कशी? बाहेर ती आग, दुसऱ्याचं घर, झोपलेलं म्हातारं माणूस, त्यांचा कूलर बंद करा म्हणायला माझी जीभ उचलंना. तुम्ही एकदा गोळ्याकडं बघितलं, एकदा कूलरकडं, उठलात आणि बटण बंद केलंत. बस. काही बोलला नाहीत, माझ्याकडं बघितलं पण नाही, मला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून असेल.

आजी जाग्या झाल्या, "लाईट गेली का गं?" तुम्ही म्हणलात, "नाही आत्या, ह्या पोरीचं चॉकलेट वाळायचंय." मला वाटलं आता चिडतील. त्या उठल्या, उशी काखेत घेतली, हातपंखा घेतला आणि ओसरीवर जाऊन पडल्या. जाता जाता म्हणल्या, "होऊ दे होऊ दे, आमच्या येळंला कुठं होता कूलर."

ताई, ज्यानं मे महिना परभणीत काढलाय त्यालाच कळंल हे केवढं आहे. आपल्याकडं कूलरसमोर कोणाची गादी टाकायची ह्यावरनं सख्ख्या भावांची भांडणं होतात. पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी त्याला कूलरसमोर बसवतात. आणि तुम्ही ऑर्डर होईपर्यंत तशाच बसलात, पाठीला ब्लाऊज चिकटलेला, घामाचा थेंब चॉकलेटात पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल बांधून. ऑर्डर माझी, पैसे मला मिळणार, नाव माझं होणार, तुम्हाला त्यातलं काहीच नव्हतं. मला आजपर्यंत लोकांनी पैशाची मदत केली, कधी चार शब्दांची केली, पण स्वतःचा जीव तापवून मदत केलेली मला आठवत नाही. हे लिहिताना पण डोळ्यात पाणी यायलंय.

बाकी तुम्ही जे शिकवलंत ते पण लिहून ठेवते, कोणाच्या तरी कामाला येईल. वाटीत नाही, उभट ग्लासात चॉकलेट घ्यायचं म्हणजे गोळा एका दमात बुडतो. घट्ट वाटलं तर चमचाभर खोबरेल, खायचं, दूध-पाणी अजिबात नाही. काडीचं टोक आधी चॉकलेटात बुडवून मगच खोचायचं, ते सुकलं की गोळा घसरत नाही. गोळे फ्रीजमध्ये ठेवायचे, फ्रीजरमध्ये नाही, नाहीतर बर्फासारखा गोळा गरम चॉकलेटात गेला की आतनं हळूहळू फुगतो, वरचं आवरण आकसतं आणि तडा जातो. क्लासमध्ये आम्हाला फ्रीजरच सांगितलं होतं. दाणे ओलं असतानाच टाकायचे, रेघा मात्र सुकल्यावर. आणि काड्या उभ्या करायला थर्माकोल नव्हता तर तुम्ही ज्वारीचा डबा ओढलात आणि त्यावर स्वच्छ कपडा टाकून काड्या खोल रोवल्या, ते बघून तर मला इतकं बरं वाटलं. आपल्या घरात जे आहे त्यात होतंय की हे काम! क्लासमध्ये स्टँडचे सुद्धा पैसे घेतले होते.

माझं माहेर लातूरचं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पण आमच्या गल्लीतल्या एका घराच्या बोअरला तेव्हा थोडंसं पाणी होतं आणि त्या बाईंनी रोज सकाळी घराबाहेर पाईप काढून ठेवला, हे कुठं आलं नाही. स्वतःला पुरेल की नाही माहीत नसताना. तुम्ही बटण बंद केलंत तेव्हा मला त्याच काकू आठवल्या. असली माणसं मोठमोठ्यानं बोलत नाहीत, बोर्ड लावत नाहीत, सर्टिफिकेट भिंतीवर टांगत नाहीत, त्यांच्याकडं थोडंच असतं आणि तेच ती समोर ठेवतात. आणि ज्यांच्याकडं एसी हॉल आहेत, हजारो फॉलोअर आहेत, त्यांना दोन ओळींचं उत्तर द्यायला जड जातं. मी कोणाचं वाईट चिंतत नाही, पण हा फरक मला आता कायमचा कळलाय.

ऑर्डर वेळेवर गेली. एकही गोळा काडीवरनं सुटला नाही, बाळाच्या आईनं फोटो पाठवला, त्यात बाळाचं सगळं तोंड गुलाबी झालेलं. तो फोटो मी सगळ्यात आधी तुम्हालाच पाठवला होता. पैसे द्यायला आले तर तुम्ही पाकीट माझ्या लेकराच्या खिशात घातलंत.

मागच्या आठवड्यात गंगाखेडच्या एका मुलीनं मेसेज केला, तिचंही चॉकलेट असंच दगड झालेलं, ती पण कुठल्यातरी क्लासची जेल वापरत होती. मी तिला तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं, खोलीत कूलर असेल तर आधी बंद कर हे पण. तिनं फी विचारली तर मी तुमची ही गोष्ट सांगितली. अजून कोणाला अडलं तर मला विचारा, मी उत्तर देईन, रात्री असो की दुपारी.

ताई, पुढची ऑर्डर जूनच्या पहिल्या रविवारी आहे. पाऊस येईल की नाही कळंना, म्हणून ह्या वेळी पहाटेच उठून करणार आहे, तुमच्या घराला त्रास नको. तुमचा उभट ग्लास माझ्याकडंच राहिलाय, तो घेऊन येते, तेव्हा निळा रंग कोणत्या कंपनीचा घ्यायचा तेवढं सांगा. आणि आजी वरचं आवरण दाताला कडक लागलं म्हणाल्या होत्या, त्यांच्यासाठी चार वेगळे करते, खोबरेल थोडं जास्त घालून.

तुमची,
पत्र्याच्या घरातली शेजारीण